गोटीचं नाव तिच्या टोकाशी

काचेची गोटी हातात आली की आपण सगळ्यात आधी रंग बघतो. त्यात गैर काही नाही, गोट्या असतातच तशा. पण जुन्या, जमवण्याजोग्या गोट्या ओळखायच्या असतील तर रंग सगळ्यात शेवटी बघायचा. पांढऱ्यावर लाल पट्टे असलेली गोटी जर्मनीत 1880 च्या सुमाराला बनलेली असू शकते, अमेरिकेत 1930 च्या आसपास बनलेली असू शकते, किंवा अगदी अलीकडे मेक्सिकोतल्या कारखान्यातून आलेली असू शकते. रंग तिघींचा एकच. फरक कळतो तो टोकांवरच्या खुणांवरून. गरम काच जिथे कापली गेली तिथे काहीतरी उरतंच. वर्कशॉपला कास्टिंग केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पार्टिंग लाइन कितीही घासा, ओळखणारा ओळखतोच.

आता सबमिशनच्या धांदलीत हिला गोट्या कुठून सुचल्या, असं कुणाला वाटेल. तर सांगते. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या आजींचे यजमान गेले आणि आवराआवर करताना गोट्यांनी भरलेली एक बरणी निघाली. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने अख्ख्या बरणीचे 40 डॉलर देऊ केले. आजींना पैसे हवे होते, पण नवऱ्याने लहानपणापासून जपलेलं हे नेमकं काय आहे ते आधी कळावं असंही वाटत होतं. दादाने वेगळ्या दिसणाऱ्या 43 गोट्या निवडल्या आणि आजींना विचारून डिसेंबरच्या सुट्टीत बरोबर आणल्या.

"तू मेकॅनिकलला आहेस ना? मग या कशा बनवल्यात ते बघून सांग," तो म्हणाला.

"दादा, मी मेकॅनिकलला आहे, पुराणवस्तू खात्यात नाही."

"म्हणून तर तुला देतोय. नुसता रंग बघून नाव ठेवणारे तिकडे पुष्कळ आहेत."

आणि तिकडे नाव म्हणजे किंमत. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन गोट्यांपैकी एक कटिंग चहाच्या भावात जाते, तर दुसरीला आपल्या सेमिस्टर फीएवढी किंमत येऊ शकते. त्यामुळे चुकीचं नाव दिलं तर एक तर विकणारा बुडतो, नाही तर घेणारा. टेबल लॅम्प, दहापट दाखवणारं भिंग, मोबाईलचा टॉर्च आणि व्हर्नियर एवढी सामग्री घेऊन मी पंधरा दिवस हॉस्टेलवर बसले. रूममेटचं म्हणणं असं, की एवढा अभ्यास एम-थ्रीचा केला असतास तर! असो.

हाताने केलेल्या गोट्या

जुन्या काचेच्या गोट्यांचं मूळ गाव म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं लाउशा. तिथे 1597 पासून काचेच्या भट्ट्या आहेत. आपण ज्यांना जुन्या जर्मन गोट्या म्हणतो त्या मात्र एका कात्रीमुळे शक्य झाल्या. 1840 च्या दशकात लाउशाच्या ग्रायनर घराण्यातल्या एका कारागिराने ही कात्री काढली. तिच्या एका पात्याच्या टोकाला छोटी वाटी असते आणि दुसरं पातं कापतं. रंगीत काचेच्या कांड्या गरम गोळ्याभोवती चिकटवायच्या, वर पारदर्शक काचेचा थर चढवायचा, त्यावर हवे तर आणखी रंगीत दोरे बसवायचे आणि मग सगळं तापवून, पीळ देत लांब ओढायचं. तयार झालेल्या जाड कांडीचं मऊ टोक वाटीत ठेवून फिरवायचं. गोल आकार आला की मान बारीक करत कात्रीने तोडायचं. मग पुढची गोटी, मग त्याच्या पुढची. एका कांडीच्या सगळ्या गोट्या सख्ख्या बहिणी.

आता विचार करा. कांडीच्या मधल्या गोटीला दोन टोकं असणार. एक आधीच्या गोटीपासून तुटलेलं आणि दुसरं पुढच्या कांडीपासून तोडलेलं. तिथे खडबडीत व्रण राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. पुष्कळ वेळा तो व्रण नंतर घासून सपाट केलेला असतो, आणि मग भिंगाखाली तिथे छोटे छोटे पैलू दिसतात. हा व्रण असला की गोटी हाताने केलेली. नसला तर जपून बोलायचं. कांडीची अगदी शेवटची गोटी असली तर तिच्यात आतली नक्षी मध्येच संपलेली दिसते आणि व्रण एकच असतो. तिला बिघडलेला माल समजू नये. जमवणारे अशा गोट्या मुद्दाम शोधतात.

43 मधल्या 6 गोट्यांना मला असे व्रण किंवा त्यांच्या खाणाखुणा सापडल्या. व्हर्नियरनेही साथ दिली. एकीचे तीन दिशांनी घेतलेले व्यास 17.2, 17.6 आणि 17.9 मिलिमीटर आले. यंत्राच्या चांगल्या गोटीत एवढी तफावत सहसा मिळत नाही. मापावरून आणखी एक गोष्ट कळते. यंत्राच्या जुन्या गोट्या बहुतेक 16 मिलिमीटरच्या, म्हणजे पाच अष्टमांश इंचाच्या आसपास असतात आणि एक इंचापेक्षा मोठ्या फार थोड्या सापडतात. लिंबाएवढी जुनी गोटी दिसली तर आधी व्रण शोधावा.

हाताची गोटी आहे हे ठरलं की पुढचं नाव गाभ्यावरून पडतं. गोटी टॉर्चसमोर धरायची आणि दोन्ही टोकं वर-खाली ठेवून आडवी फिरवायची. आतल्या रंगीत पट्ट्या एकमेकींना चिकटून भरीव खांब झाला असेल तर सॉलिड कोअर. पट्ट्या सुट्या असून मधून पलीकडचं दिसत असेल तर डिव्हायडेड कोअर. एक किंवा दोन रुंद फिती असतील तर रिबन कोअर. आणि बारीक दोऱ्यांची जाळी असेल तर लॅटिचिनो. हा शब्द व्हेनिसच्या काचकामातून आलाय. जाळीचे दोरे बहुतेक वेळा पांढरे असतात, त्याखालोखाल पिवळे. लाल, हिरवी किंवा निळी जाळी दुर्मिळ. म्हणजे रंगालाही किंमत आहे, फक्त त्याची पाळी इथे, तिसऱ्या पायरीवर येते.

फाउंड्रीतल्या काकांना मी लॅटिचिनोची एक गोटी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गोटी डोळ्याजवळ नेली आणि म्हणाले, "पोरी, ही फिरवत फिरवत तोडलीय बघ. पीळ मधे सैल आहे आणि टोकाला घट्ट." मी तोपर्यंत जाळीच बघत बसले होते! मान बारीक करताना काच जास्त पिळली जाते, म्हणून टोकापाशी दोरे गच्च जमतात. लाउशाचं नाव न ऐकताही काकांनी प्रोसेस ओळखली.

खोटं बोलणारी नावं

जमवणाऱ्यांच्या तोंडी असलेली बरीच नावं कारखान्याची नाहीतच. ती नंतर चिकटली, आणि काही तर दिशाभूलच करतात. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला.

लुट्झ घ्या. या गोटीत सोनेरी चकाकीचे पट्टे असतात. ते सोनं नव्हे, काचेत तयार झालेले तांब्याचे बारीक स्फटिक. निकोलस लुट्झ हा अमेरिकेतल्या बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनीतला नावाजलेला कारागीर, आणि तो अशी चमचमती काच वापरायचा. म्हणून या गोट्यांना त्याचं नाव पडलं. गोट्या मात्र जर्मनीच्या, आणि लुट्झने त्या बनवल्याचा काही पुरावा नाही. ओळखताना एवढंच बघायचं की चकाकी भिंगाखाली वेगवेगळ्या कणांची दिसते का. चकाकी कणाकणांची नसून पत्र्यासारखी, रुपेरी असेल तर तो अभ्रक. त्या गोटीला मायका म्हणतात आणि तिचा भाव वेगळा.

"इंडियन" नाव ऐकून माझी कॉलर ताठ झाली होती. पण या गोट्यांचा जन्मही जर्मनीतच. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे, अशी ही गोटी. यात एक गंमत आहे. जोरदार टॉर्च अगदी चिकटवून धरला तर काही गोट्यांची "काळी" काच कडेला जांभळी किंवा दुसऱ्या गडद रंगाची दिसते. म्हणजे ती काळी नव्हतीच, नुसती दाट होती. अशा गोट्यांना जमवणारे वेगळं नाव देतात आणि वेगळं मोल देतात.

क्लॅमब्रॉथ हे नाव कोकणातल्या मंडळींना लगेच पटेल. क्लॅम म्हणजे तिसऱ्या, आणि ब्रॉथ म्हणजे त्यांचं सार. त्या साराच्या दुधट रंगाची काच आणि तिच्यावर सारख्या अंतरावर बारीक रंगीत रेघा. रेघांमधलं अंतर सारखं आहे की नाही, हीच तिची परीक्षा.

"एंड ऑफ डे" या नावामागची गोष्ट अशी सांगतात, की दिवस संपताना उरलेल्या काचेचे तुकडे गोळा करून कामगार स्वतःच्या पोरांसाठी या गोट्या करायचे. गोष्ट गोड आहे. पण याच जातीतली ओनियनस्किन, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसणारी गोटी, नीट बघा. गरम गोळा रंगीत काचेच्या चुऱ्यात लोळवलाय, मग तापवून ओढलाय, त्यामुळे ठिपक्यांच्या लांब रेघा झाल्यात आणि वर पारदर्शक थर चढवलाय. रंग वाटून घेतलेले, थर मोजून दिलेले. ही उरल्यासुरल्याची भेळ वाटत नाही. हा ठरवून केलेला माल आहे.

आणि सल्फाइड. पारदर्शक गोटीच्या पोटात पांढरी छोटी मूर्ती असते. कुत्रा, मेंढी, सिंह, कोंबडा असं काहीही. मूर्ती चंदेरी दिसते, पण तिला चांदी लावलेली नसते. मूर्ती आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ पापुद्रा अडकतो आणि उजेड त्यावरून परततो. ऑप्टिक्सच्या लेक्चरला हे उदाहरण मिळालं असतं तर मी जागी राहिले असते. आजींच्या 6 जुन्या गोट्यांत एक सल्फाइड निघाली. आत कोंबडा, जरासा एका बाजूला सरकलेला. मूर्ती मधोमध असेल तर भाव जास्त, पण हा तिरका कोंबडाही दादाला एवढा आवडला की तो मेसच्या टेबलावर सगळ्यांना दाखवत सुटला.

बॉल बेअरिंगवाल्याची कमाल

यंत्राची गोटी ओळखायची तर यंत्र समजायला हवं, आणि इथे आपली ब्रँच कामाला येते. ओहायोतल्या ॲक्रन गावी मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्टेन्सेन नावाचा माणूस होता. त्याने आधी पोलादी बॉल बेअरिंगचे गोळे करण्याचं यंत्र काढलं आणि मग तीच डोकॅलिटी काचेकडे वळवली. गोट्यांच्या यंत्राचं पेटंट त्याला 1905 मध्ये मिळालं. लोखंडी सळईवर वितळलेली काच घेऊन एक कामगार ती यंत्रावर ओघळू द्यायचा, आणि माप झालं की काच कात्रीने कापली जायची. पुढचा गोल आकार यंत्र द्यायचं. खाच असलेल्या फिरत्या भागांत गोळा सतत फिरत राहतो, कुठलीच बाजू जास्त वेळ खाली राहत नाही, आणि निवेपर्यंत तो गोल झालेला असतो. म्हणजे निम्मं काम हाताचं, निम्मं यंत्राचं.

ही निम्मी-निम्मी वाटणी गोटीवर लिहिलेली असते. काच ओघळताना सळई फिरत असे, म्हणून वरच्या टोकाला इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा वळसा पडतो. खालच्या टोकाला कात्रीची आडवी रेघ, आणि नऊची शेपटी तिच्या दिशेने उतरते. पांढरी काच आणि रंगीत काच अर्धवट मिसळलेल्या अशा गोट्यांना स्लॅग म्हणतात. स्लॅग पुढे इतरांनीही बनवल्या. पण नऊ आणि शेपटी स्वच्छ दिसली तर हाताने ओघळवलेली काच, आणि मग ख्रिस्टेन्सेनचं नाव घ्यायला आधार मिळतो. काचेची पिसासारखी बारीक नक्षी आणि दोन टोकांना कापल्याच्या खुणा असल्या तर इलिनॉय राज्यातल्या ओटावाच्या पेल्टियर कंपनीकडे बघायचं.

ॲक्रनमध्येच 1911 साली ॲक्रो ॲगेट कंपनी निघाली आणि 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली. तिकडे नैसर्गिक वायू आणि चांगली वाळू स्वस्त होती. काच कारखान्याला दुसरं काय हवं! त्याच वर्षी युरोपात युद्ध पेटलं, जर्मन गोट्यांची आवक आटली आणि अमेरिकन कारखान्यांना बाजार मोकळा झाला. ॲक्रो 1951 मध्ये बंद पडली. नावातल्या "ॲगेट"वर जाऊ नका. ॲगेट म्हणजे अकीक, आपल्याकडे अंगठीत बसवतात तो दगड. जर्मनीत इडार-ओबरश्टाइनला खऱ्या अकीकाच्या गोट्या घासून करत, त्या ऐटदार मालाचं नाव काचवाल्यांनी उचललं. आणखी एक गोंधळ बघा. ख्रिस्टेन्सेन ॲगेट नावाची कंपनी ओहायोत 1925 मध्ये निघाली, पण ती वरच्या मार्टिन ख्रिस्टेन्सेनची नव्हे. ती थोडीच वर्षं चालली आणि तिच्या "गिनी"सारख्या ठिपकेदार गोट्यांना आज प्रचंड मागणी आहे. म्हणूनच कुठल्याही ठिपकेदार गोटीला "गिनी" म्हणून विकण्याचा मोह विक्रेत्यांना होतो.

ॲक्रोची सगळ्यात सोपी ओळख म्हणजे कॉर्कस्क्रू. रंगीत पट्टी एका टोकाला सुरू होते, जिन्यासारखी गोल गोल उतरते आणि दुसऱ्या टोकाला संपते. वाटेत ती स्वतःला कुठेही छेदत नाही. काच खाली उतरतानाच तिला पीळ दिला जायचा, म्हणून हे घडतं. मी पट्टीवर पेन्सिलीचं टोक ठेवून गोटी फिरवत नेते. अडकले नाही, पट्टी फाटली नाही, दुसरी तिच्यावर चढली नाही, तर कॉर्कस्क्रू. त्यातच पारदर्शक काच, पांढरे विस्कटलेले धागे आणि आणखी दोन रंग असतील तर "पोपाय". कारण अशा गोट्या पोपायचं चित्र छापलेल्या खोक्यांतून विकल्या जात. गंजलेल्या लोखंडासारखा गडद लाल असेल तर "ऑक्सब्लड", पण तिथे भिंग हवंच. खऱ्या ऑक्सब्लडमध्ये काळ्या केसासारख्या रेषा दिसतात. नुसत्या विटकरी रंगाच्या गोटीला हे नाव लावणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, असं माझं मत.

दोन बंबलबी

आता रंगावरून नाव कसं अंगाशी येतं ते बघू. पिवळ्या-काळ्या गोटीला "बंबलबी" म्हणतात, म्हणजे भुंगा. पण भुंगे दोन आहेत! पेल्टियरच्या नॅशनल लाइन रेनबो या मालात पिवळ्या काचेवर काळ्या फितींची गोटी आहे. आणि मार्बल किंग ही कंपनी 1949 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सुरू झाली, तिच्याही पिवळ्या-काळ्या गोटीचं नाव तेच. काळ वेगळा, कारखाना वेगळा, भाव वेगळा, नाव एक.

फरक असा. पेल्टियरमध्ये एक मूळ काच असते आणि तिच्या पृष्ठभागावर सुट्या फिती पडलेल्या असतात. फितींची टोकं जोडाच्या रेघेपाशी येऊन थांबतात. मार्बल किंगमध्ये दोन रंगांचे रुंद पट्टे आळीपाळीने बसवलेले असतात, म्हणजे एक ठिगळ, मग फीत, मग पुन्हा ठिगळ. जोड दोन समोरासमोरच्या बाजूंना दिसतात. दोन्ही गोट्या शेजारी ठेवल्या की पोरही सांगेल. एकटी असली की भलेभले चुकतात. ही सगळी नावं जमवणाऱ्यांनी हौसेने ठेवलेली आहेत. मार्बल किंगमध्ये लाल-काळी "वास्प", म्हणजे गांधीलमाशी, आणि लाल-निळी "स्पायडरमॅन". पेल्टियरमध्ये निळ्यावर लाल-पिवळी "सुपरमॅन", पांढऱ्यावर लाल-हिरवी "ख्रिसमस ट्री". आजींच्या गोट्यांत भुंगे तीन निघाले आणि तिन्ही मार्बल किंगचे. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर नुसतं "बंबलबी" लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

ज्यांना कुणी विचारत नाही

आपण लहानपणी खेळलो त्या बहुतेक कॅट्स आय. पारदर्शक काचेत मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाती. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 च्या दशकात जपानहून या गोट्या अमेरिकेत लोटल्या आणि तिथल्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. मग त्यांनीही आपल्या कॅट्स आय काढल्या. पेल्टियरची एकाच पात्याची, केळ्यासारखी दिसणारी "बनाना" ही त्यातली ओळखायला सोपी. बाकीच्यांना फारसा भाव नाही. आजींच्या बरणीत या ढीगभर होत्या असं दादा म्हणाला. त्याने चारच आणल्या.

गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी तर घरोघरची! हायरम कॉड या इंग्रजाने 1870 च्या दशकात त्या बाटलीचं पेटंट घेतलं होतं. सोड्याच्या दाबाने गोटी वरच्या रबराला घट्ट बसते आणि बूच बनते. बाटली फुटली की पोरं गोटी पळवणार हे ठरलेलं. ही साधी, एकरंगी, हिरवट काच. जुनी असली तरी बाटलीविना तिची जात सांगता येत नाही. फायबरग्लाससाठी वितळवायच्या गोट्याही अशाच बिनरंगी असतात.

अंधारात चमकणाऱ्या गोट्यांबद्दल दोन शब्द. काही जुन्या काचेत युरेनियम असायचं आणि ती अतिनील टॉर्चखाली झगझगीत हिरवी पेटते. पण मँगनीजवाली काचही मंद हिरवी दिसते, आणि युरेनियमची काच आजही बनते. त्यामुळे "चमकली म्हणजे जुनी" हे गणित बसत नाही.

घासू नका!

गोटी खेळली गेली की तिला मार बसतोच. छोटा टवका उडतो, किंवा वरून काच शाबूत राहते आणि आत चंद्रकोरीसारखी भेग पडते. तिकडे तिला "मून"च म्हणतात. या खुणा किंमत कमी करतात, म्हणून लोक गोटी पॉलिश करतात. आणि तिथे घात होतो. पॉलिश करताना वरचा थर जातो, त्याबरोबर व्रण जातो, जोडाची रेघ जाते, नऊची शेपटी जाते. राहतो तो रंग, म्हणजे सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार. आजींच्या 6 जर्मन गोट्यांपैकी 2 अशा घासलेल्या होत्या. आरशासारख्या गुळगुळीत, पृष्ठभागावर एकही बारीक ओरखडा नाही, आणि बाहेरचे रंगीत दोरे एका बाजूला मध्येच कापल्यासारखे संपलेले. शंभर वर्षांची गोटी इतकी नितळ असेल तर मला आधी शंकाच येईल. त्या दोघींपुढे मी "हाताची, पॉलिश केलेली" असं ठळक लिहिलं. दादाचं म्हणणं होतं, लिहायलाच पाहिजे का? पाहिजे. घेणाराही कुणाचा तरी नातू असतो.

धुवायच्या असतील तर कोमट पाणी आणि अंगाचा साबण पुरे, एकावेळी एकच गोटी. गरम पाण्यातून गार पाण्यात टाकू नये. थर्मल शॉकने आतली चंद्रकोर वाढते. सुकल्यावर कापसात किंवा खण असलेल्या डब्यात ठेवाव्या. मी अंड्यांचा ट्रे वापरला. मेसच्या दादांनी दिला, फुकट.

जानेवारीत दादा परत गेला तेव्हा बरोबर माझी चार पानांची यादी होती. प्रत्येक गोटीपुढे व्यास, टोकांची खूण, काच, नक्षी, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी नाव. आजींनी 40 डॉलरचा सौदा मोडला. कॅट्स आय आणि भुंगे त्यांनी विकले, चार जर्मन गोट्या एका जाणकाराला दाखवायला ठेवल्या, आणि कोंबडा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

नावाच्या रकान्यात 7 गोट्यांपुढे मी "अमेरिकन असावी, कंपनी सांगता येत नाही" एवढंच लिहिलंय. त्यातली एक अजून डोक्यात घोळते. व्यास 15.8 मिलिमीटर, फिकट हिरवी अपारदर्शक काच, एकच तपकिरी-लाल फीत. ऑक्सब्लड नव्हे, काळ्या रेषा नाहीत. एका टोकाला कापल्याची सरळ रेघ, दुसऱ्या टोकावर फीत दुमडून बसलीय, त्यामुळे खालची खूण दिसत नाही. सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. कुणाला ओळखता आली तर संध्याकाळी मेसमध्ये गाठा, पण आधी सांगा की टोकाला काय दिसलं.